दादाच्या किटलीचा वास

तिला सगळे नाकाबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागून म्हणायचे, तिला त्याचं काही वाटायचं नाही. डेअरीवर रोज सकाळी आजूबाजूच्या गावांच्या मिळून साठ-सत्तर किटल्या यायच्या. नाकाबाई झाकण उघडणार, ढवळणी तळापर्यंत घालून दोनदा वर ओढणार, डोकं खाली घालणार आणि एक श्वास घेणार. बस. ‘पुढं’ म्हणाली की दूध टाकीत. ‘बाजूला’ म्हणाली की किटली आली तशी घरी. मशीन होतं की तिथं. ते फॅट सांगायचं, पाणी घातलंय का सांगायचं. पण मशीनला वास येत नाही, आणि एक घाण किटली अख्ख्या टाकीची वाट लावते.

ह्या नाकापायी ती जगायची कशी ते बघा. साबण बिनवासाचा. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. सकाळचं काम उरकेपर्यंत चहासुद्धा नाही. एकदा वहिनीनं हौसेनं तिच्या अंगावर सेंट मारला, तर ही बया तीनदा अंग धुऊन कामावर गेली आणि वर दिवसभर वहिनीच्या नावानं खडे फोडत बसली. शाळा आठवीत सोडली. का सोडली विचारलं की म्हणायची, “पुढच्या बाकावरच्या पोरीची वेणी वास मारायची.” खरं कारण असं की त्या वर्षी आई गेली, आणि हिचं वर्गात लक्षच लागेना. मास्तर घरी सांगायला आले तेव्हा दादा म्हणाला, “राहू दे तिला. मी बघतो.” आणि त्यानं बघितलं. आजारी पडली की उशाशी बसला. कुणी वेडंवाकडं बोललं की त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. डेअरीत चिकटवली तीही त्यानंच. तिला ‘नकटे’ म्हणायचा हक्क जगात एकट्या दादाला होता. दुसरा कुणी म्हणाला असता तर ढवळणीनं मार खाऊन गेला असता.

गायीनं काय खाल्लं ते दूध लपवत नाही. कोबीचा पाला खाल्ला, कळतं. बेकरीचे शिळे तुकडे खाल्ले, आंबूस गोड वास येतो. धार काढणाऱ्यानं हात धुतले नाहीत, तेही कळतं. तेव्हा नाकाबाई त्याच्या हातांकडं अशी बघायची की तो माणूस हात पाठीमागं लपवायचा. पूर्वी गावची सगळी जनावरं कुरणावर जायची तेव्हा गावच्या सगळ्या किटल्यांचा वास एकच होता. म्हणजे वास असा नव्हताच. उन्हात वाळलेल्या गवताची जराशी झाक, झालं.

ते कुरण कसं गेलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गावाची जमीन सोसायटीची. खाली शेतं, वर उतारावर कुरण. कुरणाचे चार तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या कडेला दहा खुंटे ठोकलेले. चाळीस खुंटे म्हणजे चाळीस जनावरं, त्याहून एक जास्त नाही. पण ती चाळीस जनावरं एका वेळी एकाच तुकड्यात चरायची. बाकीचे तीन तुकडे मोकळे, गवत पुन्हा गुडघ्याएवढं होईपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही. जनावरांचं शेण खाली शेताला, शेतातला कडबा वर जनावरांना. कुणाचे कुणावर उपकार नव्हते, चाललं होतं.

आणि एक नियम होता. वर्षातून एकदा खुंटेमोजणी. त्या सकाळी दिवस उगवताना आपापल्या खुंट्याला आपापलं जनावर बांधून उभं राहायचं. ज्या खुंट्याला जनावर नाही तो उपटायचा आणि तेवढी जमीन नांगराला द्यायची. कुणी उगाच कुरण अडवून बसू नये, ज्याला धान्य पिकवायचंय त्याला जमीन मिळावी, म्हणून केलेला नियम. करणाऱ्यांची चूक नाही. त्यांना काय माहीत शहर काय खायला लागणार आहे ते.

शहरात काय खातात ते इथं जमिनीवर दिसतं. आधी शहराला कोंबडी लागायला लागली. म्हणजे खायचे आधीही, पण कधीमधी. आता सकाळी अंडी, दुपारी कोंबडी, रात्री पुन्हा कोंबडी. कोंबडीला गवत चालत नाही, मका लागतो. पोल्ट्रीवाल्यानं रस्त्याकडेला एक शेड टाकली, मग तीन, मग अकरा. लोकांनी गायी विकल्या, खुंटे रिकामे झाले, कुरणाचा पहिला तुकडा मक्याखाली गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. कडबासुद्धा शेतात राहीना, कारण मका आता कणसासकट, ताटासकट कापून खाद्याच्या कारखान्यात जायचा. आणि हे सगळं झाल्यावर त्याच शहराला आठवलं की आपल्याला चीज पण पाहिजे. दूध वाढवा! गाय काय खाणार, हे विचारायला कुणाला वेळ आहे?

उरला चौथा तुकडा. दहा खुंटे. बाकीच्यांनी हात झटकले, तेव्हा दादानं ते दहाच्या दहा आपल्या नावावर घेतले. त्याच्या गायी होत्या चार.

“सहा खुंटे रिकामे राहणार तुझे,” नाकाबाई म्हणाली.

“कोण म्हणतं रिकामे राहणार?” दादा हसला. “भरतो ना मी.”

आणि भरले त्यानं. कुठून कुठून सहा गायी गोळा करून आणल्या. एक लंगडी, एक भाकड होत आलेली, एकीचा एक सड बंद. वहिनी म्हणाली, “ह्यांनी गोठा काढलाय का दवाखाना?” पण मोजणीच्या दिवशी दहा खुंट्यांना दहा गायी उभ्या होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं वहीत टिक केली आणि ट्रॅक्टर घेऊन आलेला पोल्ट्रीवाला ट्रॅक्टर घेऊन परत गेला. त्या दिवशी नाकाबाईला इतका आनंद झाला की ती घरभर नाचली. कुरण वाचवलं माझ्या दादानं!

वाचवलं कसलं. दहा खुंट्यांना दहा गायी, वहीत सगळं बरोबर. पण त्या दहा गायी आता बाराही महिने त्याच एका तुकड्यात. दुसरीकडं हलवायला तुकडाच नाही. गवत बोटभर आलं की खाल्लं, अर्धं बोट आलं की खाल्लं, मग मुळं ओढून खाल्ली. सात-आठ महिन्यांत उतारावर जागोजाग लाल माती दिसायला लागली, खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी. ज्या गायी त्यानं कुरण राखायला आणल्या त्यांनीच कुरण संपवलं. आणि पुढची मोजणी जवळ आली.

मोजणीला अकरा दिवस असताना दादाच्या किटलीला वास आला.

झाकण उघडलं आणि नाकाबाईनं डोकं झटकन वर काढलं. तिनं पुन्हा डोकं घातलं, वाटलं आपल्याच नाकाचा दोष असेल. नव्हता. झोंबणारा, डोळ्यांत जाणारा, ओल्या पिसांचा आणि मुताऱ्यांचा वास, त्यावर उसाच्या मळीचा चिकट गोडवा. कोंबडखत. शेडमध्ये कोंबड्यांच्या पायाखाली जो भुसा असतो, सगळी घाण पडून पडून काळा झालेला, तो मळीत कालवून गायींना घालतात काही लोक. पोट भरतं, दूधही येतं. डेअरीत त्याला सक्त बंदी होती. असली किटली सापडली की त्या घरचं दूध थेट पंधरा दिवस बंद.

समोर दादा उभा. पाठीमागं रांग. दादा तिच्याकडं बघत नव्हता, रांगेतल्या कुणाशी तरी पावसापाण्याचं बोलत होता.

“पुढं,” नाकाबाई म्हणाली.

दूध टाकीत गेलं. तिनं तोंड धुतलं, चूळ भरली, वास जाईना. दुसऱ्या दिवशी तेच. “पुढं.” तिसऱ्या दिवशी तिनं दादाची किटली यायच्या आधी नाकाला बाम चोळला. विचार करा, जिनं वहिनीचा सेंट तीनदा धुतला ती बाम चोळून बसली. त्या दिवशी बाकीच्या साठ किटल्यांचाही तिला वास आला नाही. सगळ्यांना पुढं, पुढं. कामावरून घरी येऊन जेवायला बसली आणि ताट सरकवून उठली. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली होती. टँकर रोज शहरात जातो. कुणाकुणाच्या घरी लहान पोरं पितात ते. कोबीचा पाला खाल्लेल्या गायीचं दूध परत पाठवणारी ही, आणि हे पुढं सोडणारीही हीच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दादाच्या गोठ्यात गेली. दादा बादलीत हात घालून कालवत होता. कोपरापर्यंत काळं. गव्हाणीत पिसं दिसत होती, चक्क पिसं. लंगडी गाय तोंड फिरवायची, दादा तिचं तोंड धरून पुन्हा बादलीत घालायचा.

“छी!” नाकाबाई ओरडली. “दादा, लाज आहे का?”

“ओरडू नकोस, दुसऱ्यांना ऐकू जाईल.”

“ऐकू जाऊ दे! कुठून आणलंस हे?”

“पोल्ट्रीवाल्यानं दिलं. फुकट.”

“फुकट देणारच. टाकायला जागा नाही त्याला. आणि तू ते गायीला घालतोस?”

दादानं हात पुसले. “मग काय घालू? कुरणात काय उरलंय? कडबा कुठं मिळतो दाखव. पेंड परवडते का दहा गायींना? मोजणीपर्यंत उभ्या राहिल्या पाहिजेत ह्या, नकटे. फक्त मोजणीपर्यंत. एक गाय कमी झाली तर एक खुंटा जाणार.”

“आणि मोजणीनंतर?”

“नंतरचं नंतर.”

“म्हणजे पुढच्या मोजणीपर्यंत हेच.”

तो पुन्हा कालवायला लागला.

ती तणतणत घरात गेली. वहिनीनं चहा पुढं केला. नाकाबाई नको म्हणणार होती, म्हणणारच होती, पण कप जवळ आला आणि तिचं नाक थबकलं. चहातलं दूध स्वच्छ होतं. गवताचं. तिनं कप खाली ठेवला, उठली, मागच्या पडवीत गेली. तिथं दादाची जुनी तांबडी गाय वेगळी बांधलेली. पुढ्यात हिरवं कापलेलं गवत, पेंड घालून ठेवलेलं. गायीचं अंग खराऱ्यानं चकचकीत केलेलं. सहा वर्षांची भाची तिथंच बसून पेला तोंडाला लावून दूध पीत होती. ओठांवर पांढरी मिशी.

“आत्या, पाहिजे?”

वहिनी दारात येऊन उभी होती. मान खाली घालून म्हणाली, “पोरीसाठी ठेवलीय गं ती एक. तिला ते दुसरं कसं देणार?”

  चूक झाली, अडचणीत होता, सुचलं नाही, असं सगळं ती दादासाठी स्वतःला सांगत आली होती. पण ह्याला पूर्ण माहीत होतं. घरच्या पेल्यात काय जातं आणि किटलीत काय जातं, ह्याला अगदी बरोबर माहीत होतं. ती भाचीच्या डोक्यावर हात फिरवून निघून आली.

सकाळी बाम नाही. नाक मोकळं.

दादाची किटली आली. झाकण उघडलं, ढवळणी घातली, डोकं खाली घातलं. रांगेतल्यांना काही वेगळं वाटलं नाही.

“बाजूला,” ती म्हणाली.

 दादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“कोंबडखत आहे. बाजूला घे.”

“वेड लागलंय का तुला?” दादाचा चेहरा लाल झाला. सगळे बघत होते. त्यानं माप उचललं, किटलीत बुडवलं आणि काठोकाठ भरलेलं दूध सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. मिशी पुसली. “बघ. मेलो का मी?”

नाकाबाई त्याच्या अगदी जवळ गेली. रांगेतल्या कुणालाही ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, “छोटीला देशील हे? आत्ता जाऊन आणते तिला.”

दादानं तिच्याकडं बघितलं.  मग त्यानं माप सावकाश खाली ठेवलं, किटलीचं झाकण लावलं, आणि किटली उचलून चालायला लागला. तांबड्या गायीचं ती सगळ्यांसमोर बोलली असती तर तो गावातून उठला असता. ते तिनं आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पोल्ट्रीवाला नेमका तिथं अंडी पोचवायला आला होता. हसून म्हणाला, “वा नाकाबाई! सख्ख्या भावाचं नाक कापलंत की.”

झालं. नाकाबाईनं हातातली ढवळणी त्याच्या पायाशी आपटली. दूध त्याच्या इस्त्रीच्या पँटवर उडालं.

“तुम्ही बोलूच नका! ती घाण तुमच्या शेडमधली. तुम्हीच दिलीत ना? फुकट! माझ्या भावानं निदान ती आपल्या हातानं कालवली, तुम्ही तर टेम्पोत भरून पाठवता आणि नाकाला रुमाल लावून उभे राहता. माझ्या भावाबद्दल एक शब्द काढलात तर तुमच्या अकरा शेडना कशाकशाचा वास येतो ते इथं मोठ्यानं सांगेन. एकेक करून सांगेन!”

“अहो, गंमत केली मी.”

“गंमत घरी जाऊन करा.”

रांगेतला एक म्हातारा खोकत खोकत म्हणाला, “पुढची किटली घे बाई, दूध नासतंय.”

पंधरा दिवस दूध बंद, म्हणजे सहा गायी पोसणं अशक्य. मोजणीच्या दोन दिवस आधी जनावरांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. लंगडी गाय चढेना, तिला तिघांनी ढकलली. नाकाबाई रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघत होती. दादानं तिला पाहिलं आणि पाठ फिरवली.

मोजणीच्या सकाळी दादा चार गायी घेऊन उतारावर आला. सेक्रेटरी वही घेऊन, दोन गडी पहार घेऊन. खाली रस्त्यावर ट्रॅक्टर चालूच ठेवलेला, डिझेलचा धूर वर येत होता. नाकाबाई न बोलावता येऊन उभी राहिली.

“बाकीच्या सहा?” सेक्रेटरीनं विचारलं.

“विकल्या.”

“मग सहा खुंटे उपटावे लागतील.”

“साहेब, ऐका माझं,” दादा म्हणाला. “ह्या मातीकडं बघा. दहा गायी चारून चारून काय झालंय बघा. आता चारच आहेत. सहा खुंट्यांची जागा मोकळी राहिली तर गवत उठेल. दोन वर्षं द्या. गवताला उसंत पाहिजे.”

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्यानं खरंच मातीकडं बघितलं. मग वहीकडं बघितलं. “मला कळतंय रे. पण वहीत उसंतीचा रकाना नाही. जनावर आहे किंवा नाही, एवढंच लिहायचंय.”

“गेल्या साली दहा होत्या तेव्हा तुमच्या वहीत सगळं चांगलं होतं,” नाकाबाई म्हणाली. “कुरण मरत होतं आणि तुम्ही टिक करत होता.”

“बाई, नियम मी केला नाही.”

“नाही केलात. नुसता चाटत बसलात.”

गडी पहार घेऊन पुढं सरकला. नाकाबाईनं त्याच्या हातातून पहार घेतली. “माझ्या भावाचे खुंटे आहेत. परक्या हातानं नको.” आणि एकेक करून सहा खुंटे तिनं स्वतः उपटले. पाचवा खोल होता, तिनं त्याच्यावर अंग टाकलं, हाताची सालं निघाली. दादा बघत उभा होता, आला नाही मदतीला. सहावा निघाला तेव्हा तिनं पहार मातीत फेकली आणि उताराच्या खाली थुंकली, ट्रॅक्टरच्या दिशेनं. दुपारपर्यंत नांगरून झालं. संध्याकाळी पोल्ट्रीवाल्यानं तिथं खत म्हणून काय टाकलं असेल? तेच. आता ते कायद्यात बसत होतं.

आता चार खुंटे, चार गायी. पण नाकाबाईला आणि दादालाही एवढं कळलं होतं की चार गायी त्या तुकड्याला झेपणार नाहीत. मोजणीला चार दिसल्या पाहिजेत आणि चरायला दोनच गेल्या पाहिजेत. म्हणून दोन गायी आठवडाभर गोठ्यात, दोन कुरणात, मग अदलाबदल. गोठ्यातल्या दोघींना बांधावरचं गवत कापून घालायचं. ही युक्ती दादाची, वहिनीनं येऊन सांगितली. दादा अजून बोलत नव्हता.

“मग कापतंय कोण?” नाकाबाईनं विचारलं.

“हेच. एकटेच.”

दुसऱ्या दिवशी डेअरीचं काम संपल्यावर नाकाबाई विळा आणि दोरी घेऊन मक्याच्या बांधावर हजर. दादा आधीच वाकलेला. तो एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. असे बारा दिवस गेले. तोंडातून शब्द नाही. विळ्यांचा आवाज आणि मधूनच कुणाची तरी शिवी, मच्छरांना दिलेली.

तेराव्या दिवशी दादा एक मोठा भारा घेऊन तिच्यासमोर आला आणि तो जमिनीवर टाकला. तिथंच उभा राहिला. नाकाबाईनं गुडघे टेकले, मधली एक मूठ ओढून काढली, नाकाशी धरली. मग दुसऱ्या बाजूची एक.

“तणनाशक मारलंय,” ती म्हणाली. “दोन दिवसांपूर्वीचं असेल. मक्यावरून उडालंय.”

“सगळ्यात?”

“सगळ्यात.”

तासाभराची मेहनत होती. दादानं भारा लाथेनं खड्ड्यात ढकलला आणि कमरेवर हात ठेवून मक्याकडं बघत राहिला. डोक्याच्या वर गेलेला मका, इकडून तिकडं सगळा मका.

“ह्या बांधाला एक मूठ चांगली राहिली नाही बघ,” तो म्हणाला.

“वरच्या नाल्याकडं असेल थोडं.”

“लांब आहे ते.”

“मग उठ की लवकर. गायी ओरडतायत घरी.”

त्यानं दोरी खांद्यावर टाकली. ती विळा पदराला पुसत मागून निघाली.